पेठेतील रफूच्या एका दुकानाचा अनुभव

वडिलांचा राखाडी लोकरी कोट १९७९ साली पुण्यातच शिवलेला आहे. गेल्या दिवाळीनंतर माझ्या मुलाने तो घालून पाहिला. तो खांद्याला नेमका बसला, पण आरशासमोर हात वर करताच डाव्या बाहीवर, कोपराच्या थोडे वर, तीन भोके दिसली. कोटाला कसर लागली होती. या किडीच्या अळ्या लोकर आणि रेशीम यांतील प्रथिनावर जगतात, त्यामुळे त्याच कपाटात शेजारी टांगलेले सुती सदरे शाबूत होते आणि कोट तेवढा खाल्ला गेला होता. फेब्रुवारीत घरात लग्न होते आणि मुलाला तोच कोट घालायचा होता. या कोटाच्या निमित्ताने मी रविवार पेठेतील एका रफूच्या दुकानात पहिल्यांदा गेले आणि पुढच्या चार महिन्यांत तिथे एकूण पाच कपडे नेले. तीन दुरुस्त होऊन आले, दोन त्यांनी घेतले नाहीत. त्या दुकानाच्या कामाविषयी हे लिहीत आहे, आणि त्यांनी न घेतलेल्या दोन कपड्यांनाही माझ्या लेखी तितकेच महत्त्व आहे.

कोट आधी मी घराजवळच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात दिला होता, हे सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. तिथे “रफू करून देऊ” असे सांगण्यात आले आणि चार दिवसांनी कोट परत मिळाला. त्यांनी बाहीचे अस्तर उसवून भोकांच्या मागे इस्त्रीने चिकटणारे पेस्टिंग लावले होते आणि वरून त्याच रंगाच्या दोऱ्याने चार टाके घातले होते. भोके बुजली होती, पण त्या जागी कापड पुठ्ठ्यासारखे ताठ झाले होते आणि गरम इस्त्री दाबल्यामुळे लोकरीवर चकाकी आली होती. रफू म्हणजे धाग्याधाग्याने विणून भोक भरणे; या कामाला रफू म्हणणे चूक आहे, आणि ग्राहकाला फरक माहीत नसल्यामुळेच ते त्या नावाखाली खपते.

रविवार पेठेतील दुकानाला नाव नाही. कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली, सहा फूट रुंदीची जागा आहे आणि पत्र्याच्या पाटीवर ‘रफू’ एवढी दोनच अक्षरे रंगवलेली आहेत. आत गादी घातलेली लाकडी बैठक, तिच्यावर साठीच्या पुढचे एक गृहस्थ आणि त्यांचा मुलगा, समोर खाली ओढता येणारा दिवा, आणि भिंतीला टेकून बिस्किटांचे रिकामे डबे ठेवलेले. त्या डब्यांत रंगांप्रमाणे लावलेले धागे. येणारे सगळे त्या गृहस्थांना चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. कोट हातात घेतल्यावर त्यांनी भोकांकडे पाहण्याआधी तो उलटा केला, बाहीची शिवण दोन बोटांत चिमटून पाहिली आणि विचारले, “ताई, हे कुणी चिकटवलं? आधी ते काढावं लागेल, आणि काढताना कापडाचा थोडा जीव जाईल.” मग त्यांनी शिवणीत माया, म्हणजे आत दुमडून सोडलेले जादा कापड, किती आहे ते पाहिले. जुन्या शिंप्यांनी कोट पुढे सैल करता यावा म्हणून शिवणीत भरपूर माया सोडलेली असे, आणि रफूगराला लागणारा धागा नेमका त्या मायेतून मिळतो. कोट एकाच ताग्यातून बेतलेला, एकाच रंगात बुडवलेला आणि सगळीकडे सारखाच जुना झालेला असल्यामुळे बाहेरून आणलेला कोणताही धागा त्याच्याशी इतका जुळू शकत नाही. हल्लीच्या तयार कोटांत ही माया जेमतेम असते, म्हणून नवा महागडा कोट रफू करणे अनेकदा जुन्यापेक्षा अवघड जाते, असे ते म्हणाले. मी घरी येऊन मुलाचा दोन वर्षांपूर्वीचा तयार कोट उसवलेल्या जागी पाहिला, तेव्हा त्यांचे म्हणणे पटले.

काम कसे चालते ते मी दोन वेळा, जवळजवळ एकेक तास, समोर बसून पाहिले. प्रथम भोकाच्या कडेचे कुरतडलेले, सैल तंतू बारीक कात्रीने कापून कड स्वच्छ केली जाते. मग मायेतून काढलेला धागा अतिशय बारीक सुईत ओवून भोकाच्या एका बाजूच्या धडक्या कापडात, कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर आतून, सुरुवात करतात. कापडातल्या उभ्या धाग्याच्या शेजारून सुई नेत भोक ओलांडतात आणि पलीकडे तितकेच अंतर आत जातात. असे सगळे उभे धागे भरून झाले की ते भोक छोट्या मागावर ताणा चढवल्यासारखे दिसू लागते. त्यानंतर आडवे धागे, आणि खरी कसोटी तिथे आहे. साध्या विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून आणि दुसऱ्याखालून जातो, पण माझ्या कोटाचे कापड ट्विल होते. त्यात तो दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जातो आणि प्रत्येक ओळीत एक घर पुढे सरकतो, त्यामुळे कापडावर तिरक्या रेघा उमटतात. रफूत एक घर चुकले तर तिरकी रेघ तिथे मोडते, आणि डोळा रंगातला फरक एक वेळ सोडून देतो पण मोडलेली रेघ सोडत नाही. माझ्या कोटात एका सेंटिमीटरमध्ये वीस-बावीस उभे धागे आहेत, हे मी भिंगाने मोजले; म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढ्या भोकासाठीसुद्धा दहा-बारा उभे आणि जवळजवळ तितकेच आडवे धागे घालावे लागतात, आणि प्रत्येक धाग्याला सुई कुठून वर येणार हे मोजावे लागते. दोन्ही टोकांना धागा ओढून घट्ट न करता त्याचा किंचित झोल ठेवतात, कारण पुढे कापड ओले होऊन आकसले तर घट्ट धाग्याने सभोवतालचे कापड गोळा होते. शेवटी ओल्या मलमलच्या फडक्यावरून इस्त्री फिरवतात, आणि लोकरीची लव फुगून धाग्यांच्या फटी झाकते. लोकरीवरचा रफू सुतीवरच्या रफूपेक्षा चांगला लपतो तो या लवेमुळे. सुती कापडाला अशी लव नसते, म्हणून तिथे हात कितीही कसबी असला तरी जाळी थोडीशी दिसते.

कोटाच्या तीन भोकांपैकी दोन मला आता सापडत नाहीत. मी दिवसाउजेडी, चष्मा लावून, बोटाने चाचपून पाहिले. बोटाला किंचित जाडी जाणवते, डोळ्याला काही दिसत नाही. तिसरे, कोपराच्या अगदी जवळचे, सूर्यप्रकाश तिरपा पडला की दिसते, कारण तिथली लव आधीच घासून गेलेली होती आणि पेस्टिंगची चकाकी पूर्ण उतरली नाही. हे असेच होईल, असे चाचांनी काम घेतानाच सांगितले होते. प्रत्येक भोकाला २५० रुपये आणि पेस्टिंग सोडवण्याचे १५० रुपये, असे ९०० रुपये झाले. ड्रायक्लीनिंगवाल्यांनी पेस्टिंगचे १८० रुपये घेतले होते, त्याच्या पाचपट ही रक्कम झाली. पण या कामात माणसाचे अख्खे दोन दिवस गेले आहेत हे मी पाहिले असल्यामुळे मला ती जास्त वाटत नाही, उलट इतक्या डोळेफोडीच्या कामाला ती कमीच वाटते.

दुसरा कपडा होता आईची पैठणी, आणि या दुकानाविषयी माझे मत खऱ्या अर्थाने बनले ते इथे. साडीला दोन ठिकाणी इजा झाली होती. काठाजवळच्या एका कोयरीला खिळ्याचा खोंबारा लागून बोटाच्या पेराएवढे कापड फाटले होते. आणि पदराच्या अलीकडे, वर्षानुवर्षे एकाच जागी घडी राहिल्यामुळे, रेशीम घडीच्या रेषेत वीतभर उभे चिरले होते. पैठणीवरचा रफू साध्या रेशमी साडीपेक्षा कठीण असतो, त्याचे कारण तिच्या विणीत आहे. हातमागावरच्या अस्सल पैठणीत प्रत्येक रंगाचा आडवा धागा नक्षीत त्याच्या त्याच्या हद्दीपर्यंत जातो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून परत फिरतो. मागच्या बाजूला मोकळे धागे लोंबत नाहीत आणि साडी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. एरवी रफूगराला धाग्यांची टोके लपवायला कापडाची उलटी बाजू मिळते, पैठणीत ती सोयच नाही. चाचांनी कोयरीचे काम घेतले. धागा काढायला साडीत माया नसते, म्हणून त्यांनी जुन्या साड्यांच्या कापलेल्या काठांमधून जमवलेल्या रेशमातून हिरव्या रंगाच्या सात छटा काढून माझ्यासमोर ठेवल्या.

घडीवरच्या चिरेला मात्र त्यांनी हात लावला नाही. मी दुप्पट पैसे देण्याची तयारी दाखवली, तरी त्यांनी मान हलवली. चिरेच्या दोन्ही कडांना जे रेशीम उरले आहे ते इतके विरले आहे की सुई टोचली तर तिथूनच ते पुढे फाटेल, आणि आज रफू धरला तरी नवा मजबूत धागा जुन्या कमकुवत धाग्याला दोन-चार नेसण्यांत कापून काढील, असे त्यांनी समजावले. “कापडापेक्षा धागा जड नको, ताई. कापडानं धाग्याला सांभाळायचं असतं.” जुनी वस्त्रे जतन करणारेही हेच तत्त्व पाळतात: ताण आला तर तुटायचे ते दुरुस्तीने तुटावे, मूळ वस्त्र तुटू नये. त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे चिरेच्या मागे त्याच रंगाची मऊ रेशमी जाळी ठेवून, चिरेपासून दूर, धडक्या कापडात विरळ टाके घालणे. त्यामुळे साडीचा भार जाळीवर जातो आणि चीर वाढत नाही, पण ती दिसत राहते. साडी यापुढे रोजच्या समारंभात मिरवायची नाही आणि नेसलीच तर पदर खांद्यावर मोकळा सोडायचा, पिनने ताणायचा नाही, असेही त्यांनी बजावले. मिळत असलेले काम नाकारून, ग्राहकाला खरे सांगून, कमी पैशांचा उपाय सुचवणारा कारागीर मला बऱ्याच वर्षांनी भेटला. जाळीचे ४०० आणि कोयरीचे ७०० रुपये झाले. कोयरीतला हिरवा धागा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळला होता. घरी खिडकीत नेल्यावर तो जरासा जास्त ताजा दिसतो. या बाबतीत चूक माझीही आहे. रंग जुळवताना कापड आणि धागा दोन्ही गल्लीत उजेडात नेऊन पाहा, एवढे मी सुचवायला हवे होते, आणि दुकानानेही ती पद्धत स्वतःहून ठेवायला हवी.

मराठी घरांना फाटके कपडे सांभाळण्याची रीत नवी नाही. माझी आजी लुगड्याला दंड घालत असे: लुगडे मधोमध विरले की तो विरलेला भाग कापून टाकायचा आणि उरलेले दोन धड तुकडे जोडून घ्यायचे, म्हणजे आणखी वर्षभर ते नेसता येई. त्यानंतर ते गोधडीत जाई. मुलांच्या चड्ड्यांना ठिगळ लागे, सदऱ्याची कॉलर झिजली की शिंपी ती सोडवून, उलटवून पुन्हा शिवून देत. या सगळ्या दुरुस्त्या उघड होत्या. दंडाची शिवण आणि ठिगळाचा चौकोन कुणीही पाहावा. झीज नाहीशी करून दाखवणारे काम वेगळे. त्यासाठी आपल्याकडे ‘तुणणे’ हे सुंदर क्रियापद आहे, आणि संस्कृतात शिवणकाम करणाऱ्याला तुन्नवाय म्हणत. पण बोलण्यात आता ‘रफू’ हा फारसीतून आलेला शब्दच उरला आहे, कारण हे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातात राहिले त्या कारागिरांचा तो शब्द आहे. काश्मिरी शालींच्या व्यापारात रफूगर केवळ फाटलेले जोडणारा नव्हता. एकोणिसाव्या शतकात मागणी वाढल्यावर एकच शाल तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या मागांवर विणली जाऊ लागली, आणि ते तुकडे सांधा दिसणार नाही असे जोडून अखंड शाल तयार करणे हे रफूगराचे काम होते. उत्तर प्रदेशातील नजीबाबाद हे गाव अशा रफूगर घराण्यांसाठी ओळखले जाते. प्रिया रविश मेहरा या वस्त्रकलावंत स्त्रीने त्या कारागिरांसोबत अनेक वर्षे काम करून रफूला कलेच्या दालनांत जागा मिळवून दिली. २०१८ साली त्यांचे निधन झाले. आमच्या चाचांचे आजोबाही उत्तरेकडून शालींचे गठ्ठे घेऊन हिवाळ्यात पुण्याला येत आणि उन्हाळ्याआधी परत जात. वडील इथेच राहिले.

त्यामुळे तिसरा कपडा, माझी स्वतःची लोकरी शाल, त्यांच्या हातात घरचीच गोष्ट असल्यासारखी गेली. तिच्यातली पाच बारीक भोके त्यांनी आठ दिवसांत, ६०० रुपयांत बुजवली. त्या कामात मला काही उणे काढता येत नाही.

मुलीचा हाती विणलेला स्वेटर त्यांनी घेतला नाही. रफू हा उभ्या-आडव्या धाग्यांच्या कापडासाठी आहे. स्वेटर किंवा टीशर्ट फाशांचा बनलेला असतो, तो ताणला की मोठा होतो आणि सोडला की परत येतो. त्यावर जाळीसारखा रफू घातला तर ती जागा ताणली जात नाही आणि भोवतीचे फासे उसवतात. “ज्यांनी विणला त्यांच्याकडेच न्या,” असे ते म्हणाले, आणि नणंदेने खरोखरच तो एका संध्याकाळी सुईवर फासे उचलून पूर्ववत केला. जीन्सही परत पाठवली, पण कारण वेगळे होते: गुडघ्याच्या जागी हातरफू टिकत नाही आणि त्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. शेजारच्या अल्टरेशनवाल्याने आतून तुकडा लावून मशीनवर मागेपुढे शिलाई मारून ८० रुपयांत ती करून दिली आणि ती तीन महिन्यांपासून धुलाई सोसते आहे.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत. आठ दिवसांत देतो म्हटलेला कोट एकोणिसाव्या दिवशी मिळाला आणि लग्न तोंडावर आलेले असताना मला चार फेऱ्या माराव्या लागल्या. दुकान लेखी पावती देत नाही. कपड्याला चिंधीवर लिहिलेला आकडा टाचतात आणि तोच आकडा आपल्याला तोंडी सांगतात. आईची पैठणी अशा भरवशावर ठेवताना मला दोन रात्री नीट झोप लागली नाही, हे मी त्यांनाही सांगितले. साध्या वहीत तारीख, कपड्याचे वर्णन आणि ठरलेली रक्कम लिहून त्याची प्रत ग्राहकाला दिली, तर त्यांच्या इतक्या चोख कामाला शोभेल. निदान आपण काम देताना कपड्याचे आणि इजा झालेल्या जागेचे फोटो त्यांच्यासमोर काढून ठेवावेत. त्यांना त्यात गैर वाटत नाही.

जाणाऱ्यांसाठी आणखी काही गोष्टी. कपडा आधी स्वच्छ करून न्यावा, कारण मळलेल्या कापडाशी जुळवलेला धागा पहिल्या धुलाईनंतर वेगळा दिसतो, आणि कसरीची अंडी शिल्लक असतील तर रफूशेजारी नवे भोक पडते. भोके लहान असतील तर घरीच प्रत्येकाभोवती पांढऱ्या दोऱ्याचा सैल धावदोरा घालून खूण करावी, नाहीतर दुकानातल्या उजेडात एखादे राहून जाते. माझ्या शालीतले पाचवे भोक त्या खुणेमुळेच सापडले. बाहेर आलेला धागा ओढू नये की कापू नये, कारण तो जितका लांब तितका रफूगराला उपयोगी पडतो. कोटासोबत किंवा पँटसोबत शिंप्याने दिलेली उरलेली चिंधी असेल तर ती जरूर न्यावी. टेरिकॉटच्या कपड्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये. कृत्रिम धागा गुळगुळीत असल्यामुळे रफूतून सरकतो आणि चकाकतो, आणि चाचा तसे आधीच सांगतात.

दुकान सकाळी अकराला उघडते आणि शुक्रवारी दुपारी बंद असते. गल्लीत ऊन साधारण चारपर्यंत टिकते, म्हणून रंग जुळवायचा असेल तर त्याआधी पोहोचावे, आणि धागा निवडून झाला की कपडा घेऊन दोन पावले बाहेर उजेडात यावे.